लेव्हिटटाउनमधलं 1950 चं रँच घर: बांधणी, कर्ज, आणि घेताना काय तपासावं?

कोरी पाटी

न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर, हिक्सविलला लागून असलेल्या लेव्हिटटाउनमध्ये 1950 सालचं रँच, म्हणजे बैठ्या बांधणीचं, घर बघतो आहोत. मूळ घर 800 चौरस फुटांचं, मागे नंतर एक खोली वाढवलेली. जमिनीतल्या नळ्यांमधून गरम पाणी फिरवून घर तापवायची मूळची व्यवस्था अजून चालू आहे. एजंट ते कौतुकाने सांगतोय, आम्हाला धास्ती वाटतेय.

त्याचं म्हणणं असं की ही घरं मोटारीसारखी कारखान्यात बनली आणि 27 टप्प्यांत उभी राहिली. हे खरं का? महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांना पदरचा डॉलर न घालता ती मिळाली म्हणतात, ते कसं जमवलं? आणि 1959 मध्ये मॉस्कोत अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह ज्या स्वयंपाकघरात भांडले ते ही वसाहत बांधणाऱ्या लेव्हिटच्याच घरातलं, असं वाचलं. तेही कुणाला माहीत असेल तर सांगा. पण मुख्य प्रश्न हाच, की घेण्याआधी काय तपासायचं?

गवंडीकाम

बांधणीपुरतं सांगतो.

एजंटने दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केली आहे. लेव्हिटने तयार भिंती किंवा खोल्या आणल्याच नाहीत. लाकूड मापात कापून आणलं आणि घर प्लॉटवरच ठोकलं. मोटारीच्या कारखान्यात गाडी सरकते आणि कामगार एका जागी उभा असतो. इथे घर हलत नाही, म्हणून कामगारांच्या टोळ्या सरकवल्या. 26-27 टप्पे म्हणतात ते या टोळ्यांचे. एक टोळी फक्त कोबा घालणारी, एक फक्त छपराची, रंगाच्या एकेका छटेला वेगळा माणूस, आणि एकाचं काम एवढंच की कपडे धुण्याचं यंत्र जमिनीला बोल्टने आवळायचं. प्लॉट 60 फूट रुंद, 100 फूट लांब (आपल्या हिशेबात साडेपाच गुंठे), त्यामुळे ट्रक रस्त्याने जाताना दर 60 फुटांवर तीच ती गठडी टाकत जाई: मोजून कापलेलं लाकूड, नळ्या, खिळे, छपराचे तुकडे. टोळी आली की माल पायाशी. हुडकायला, मोजायला, कापायला वेळ नाही. भरात असताना दिवसाला 30 च्या वर घरं पुरी होत.

कामगार युनियनबाहेरचे आणि काम उक्तं, म्हणजे नगावर पैसे. एकच काम दिवसभर करणाऱ्याला कसलेला सुतार असायची गरज नव्हती आणि मजुरीतली खरी बचत तिथे झाली. मालातली बचत दलाल वगळून: कॅलिफोर्नियात स्वतःची लाकडाची कंपनी, खिळेसुद्धा स्वतःचे. हे सगळं 1947 मध्ये एकदम सुचलेलं नाही. युद्धकाळात व्हर्जिनियातल्या नॉरफोकला याच लोकांनी कामगारांची घरं घाईने बांधली होती, तिथे हात बसला होता.

तुमच्या प्रश्नाशी जोडलेली मोठी गोष्ट म्हणजे तळघर नसणं. त्या भागात तळघराशिवाय घर बांधायला हेम्पस्टेडच्या (हे गाव ज्या टाउनच्या हद्दीत येतं त्याच्या) बांधकाम नियमांची परवानगीच नव्हती. लेव्हिटने मे 1947 मध्ये 2000 घरांची घोषणा केली ती नियम बदलायच्या आधी. त्याच महिन्यात सुनावणी झाली, घरासाठी ताटकळलेले माजी सैनिक बायकामुलांसह सभागृहात येऊन बसले आणि 27 मेला नियम बदलला. तळघर गेलं म्हणजे खोदाई गेली, त्या भिंती गेल्या, उतरायचा जिना गेला. सपाट कोबा घालायचा, त्यातच गरम पाण्याच्या तांब्याच्या नळ्या गाडायच्या, वर डांबरी फरशी चिकटवायची. लाकडी जमीन नाही, रेडिएटर नाही, त्यासाठी भिंतीत पाइप नाहीत. जमीन आणि तापवण्याची सोय एकाच ओतकामात उरकली. बॉयलर एवढासा की स्वयंपाकघरातच बसतो. पहिल्या मॉडेलचं (केप कॉड, 25 बाय 30 म्हणजे 750 चौरस फूट) आणि तुमच्या रँचचं (25 बाय 32) गणित सारखंच आहे. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून, म्हणजे पाण्याच्या सगळ्या नळ्या एकाच भिंतीत. गिलाव्याऐवजी जिप्समचे तक्ते ठोकले, कारण ओला गिलावा वाळायला दिवस लागतात आणि तेवढा वेळ मागची टोळी खोळंबते.

पोटमाळा अर्धवट ठेवला होता, मालकाने नंतर हाताने खोल्या काढाव्यात म्हणून. लोकांनी त्या काढल्या, मागे वाढवलं, पुढे वाढवलं. सगळी घरं एकसारखी म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी आज तिथे जाऊन मूळ रूपातलं एक तरी घर शोधून दाखवावं. 17,447 बांधली होती.

हप्ता

वरचं बरोबर आहे, पण टोळ्या आणि खिळ्यांनी घर *स्वस्त* झालं. ते *विकलं गेलं* कर्जामुळे. लेव्हिटच्या कौतुकात हा भाग नेहमी तळटिपेत जातो.

22 जून 1944 चा सैनिक पुनर्वसनाचा कायदा. सरकार सैनिकाला कर्ज देत नव्हतं. कर्ज बँकेचं, सरकार बँकेला हमी द्यायचं. सुरुवातीला कर्जाच्या निम्म्यापर्यंत, कमाल 2000 डॉलर. 1945 च्या अखेरीस ती मर्यादा 4000 केली आणि मुदत 25 वर्षांपर्यंत नेली. 1950 मध्ये 60 टक्के, कमाल 7500, मुदत 30 वर्षं. व्याजाला 4 टक्क्यांची मर्यादा.

1949 मध्ये रँच मॉडेल 7,990 डॉलरला विकायला काढलं. हमी 4000 धरली तर निम्मी जोखीम सरकारच्या अंगावर. कर्ज बुडालं तरी घर निम्म्याहून कमी किमतीला जाईपर्यंत बँकेच्या खिशाला हात लागत नाही. मग बँक अनामत कशाला मागेल? 7,990 वर 4 टक्क्यांनी 25 वर्षांचा हप्ता महिना 42 डॉलर येतो, 30 वर्षांचा 38. जाहिरातीत सैनिकासाठी महिना 58 असे, कारण त्यात मालमत्ता कर आणि विमाही धरलेला. आधीच्या केप कॉडचं *भाडं* 60 होतं! भाड्यापेक्षा हप्ता कमी, वर व्याजावर आयकरात सूट. मार्च 1949 मध्ये एका दिवसात 1400 करार झाले, त्यात नवल ते काय.

सरकारची दुसरी हमी बांधणाऱ्याच्या बाजूला. घरं उभी राहण्याआधीच गृहकर्ज विमा खात्याची (एफएचए) लेखी मान्यता, आणि तिच्या जोरावर बँकेकडून बांधकामासाठी उचल. हजारो घरं एका वेळी सुरू करायला लागणारं भांडवल लेव्हिटच्या तिजोरीतून आलेलं नाही.

आता गवंडीकाम यांनी सांगितलेला तो बोल्ट बघा. यंत्र जमिनीला आवळलं की ते घराचा भाग. घराचा भाग झालं की त्याची किंमत गृहकर्जात, 4 टक्क्यांनी, 25-30 वर्षं. 1950 च्या मॉडेलमध्ये जिन्याच्या भिंतीत बसवलेला ॲडमिरलचा साडेबारा इंची दूरचित्रवाणी संच होता, त्यामागेही हेच. वेगळा विकत घेतला असता तर चढ्या व्याजाच्या हप्त्यांवर घ्यावा लागला असता. अमेरिकेत 1950 मध्ये 9 टक्के घरांत टीव्ही होता आणि 1960 मध्ये 87 टक्के. घर कर्जावर आणि घरात बसून बघायची करमणूकही त्याच कर्जावर.

या कर्जाच्या निकषांनी घरातली माणसंही ठरवली. पात्रता काढताना पत्नीचा पगार सहसा धरत नसत, किंवा अर्धवट धरत. "उद्या मूल झालं की नोकरी सोडेल" हा हिशेब. 1974 च्या कायद्याने कर्जात स्त्री-पुरुष भेद करायला बंदी येईपर्यंत हे चाललं. त्या काळातली गृहिणी घरातच का दिसते, याचं एक उत्तर कर्जाच्या अर्जात आहे. दुसरं उत्तर नकाशात: 1949 च्या रँचमध्ये स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला आणि दिवाणखाना मागे, मोठ्या दुहेरी काचेच्या खिडकीसकट परसाकडे तोंड करून. ओट्याशी उभ्या बाईला पुढचा रस्ता दिसतो, बैठकीतून मागचं आवार. मुलं कुठेही असोत, नजरेत.

जुनी कात्रणं

हप्ता यांच्या "निकषांनी माणसं ठरवली" याला पुढे जोडतो, कारण हे सांगितल्याशिवाय लेव्हिटटाउनचा इतिहास अर्धाच राहतो.

सुरुवातीच्या भाडेकरारातलं कलम 25: घरात कॉकेशियन (गोऱ्या) वंशाच्या व्यक्तींखेरीज कुणी राहू नये, घरकामाचे नोकर मात्र चालतील. म्हणजे भांडी घासायला या, राहायला नको. हे एकट्या लेव्हिटचं खूळ नव्हे. एफएचएच्या स्वतःच्या नियमावलीत मिश्र वस्ती म्हणजे कर्जाला धोका असं धरलेलं होतं. मे 1948 मध्ये शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशी कलमं न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत. कलम करारातून गेलं, पण विक्री तशीच, फक्त गोऱ्यांना, चालू राहिली. त्याच काळातला मिसिसिपीचा 1947 चा आकडा: माजी सैनिकांना घर, धंदा आणि शेतीसाठी दिलेल्या 3,229 हमी-कर्जांपैकी कृष्णवर्णीयांना 2. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. पण कर्ज देणारी बँक स्थानिक, आणि नकार तिथेच मिळत होता.

पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाउनमध्ये ऑगस्ट 1957 ला विल्यम आणि डेझी मायर्स हे पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं. त्यांनी घर आधीच्या मालकाकडून घेतलं होतं, कंपनीकडून नव्हे. दारासमोर जमाव, दगडफेक, राज्य पोलिसांना बोलवावं लागलं. घर विकण्यात वर्ण-वंशाचा भेद करायला देशभर बंदी आली ती 1968 मध्ये. भारतीयांपुरतं बोलायचं तर 1923 च्या भगतसिंग थिंड निकालाने आपल्याला "गोरे" या व्याख्येबाहेर काढलेलं होतं आणि नागरिकत्वाची वाट 1946 मध्ये खुली झाली. आज हिक्सविलमध्ये इतकी भारतीय दुकानं आहेत. त्या कलमाच्या काळात लागूनच्या गावात भाड्याने घर मिळणंही मुश्किलीचं होतं.

राजकारणाचा दुसरा पदर. 1947-48 मध्ये अमेरिकी संसदेच्या संयुक्त गृहनिर्माण समितीत जोसेफ मॅकार्थी होता. कम्युनिस्ट-शोधामुळे गाजण्याआधीचा मॅकार्थी. सरकारने घरं बांधावीत की खाजगी बांधकामदारांना मोकळं रान द्यावं, असा वाद होता. त्याने सरकारी वसाहतींना झोडपलं आणि लेव्हिटसारख्यांची बाजू घेतली. लेव्हिटचंही म्हणणं होतं की स्वतःचं घर आणि जमीन असलेला माणूस कम्युनिस्ट होऊच शकत नाही, त्याला घरचीच कामं पुरतात. हे बोलणारा गृहस्थ उभा होता सरकारी हमीवर, हे हप्ता यांनी दाखवलंच आहे.

आता मॉस्को. ते घर लेव्हिटचं नव्हे. 24 जुलै 1959, सोकोल्निकी बागेतलं अमेरिकी प्रदर्शन. नमुना-घर ऑल-स्टेट प्रॉपर्टीज या लाँग आयलंडच्याच बांधकाम कंपनीचं, कोमॅकमध्ये विकत असलेल्या घरावर बेतलेलं. गर्दीला आत फिरता यावं म्हणून मधोमध चिरून दोन भाग बाजूला सरकवले होते, त्यामुळे सोव्हिएत उपग्रह स्पुटनिकवरून "स्प्लिटनिक" हे टोपणनाव. स्वयंपाकघर जनरल इलेक्ट्रिकचं, लिंबासारखं पिवळं.

वाद ज्या कठड्याशी टेकून झाला तिथे समोर कपडे धुण्याचं यंत्र होतं. निक्सनचा मुद्दा हप्त्याचाच: घर 14,000 डॉलरचं, पोलाद कामगार तासाला 3 डॉलर मिळवतो, महिना 100 डॉलरप्रमाणे 25-30 वर्षांत फेडेल. (अमेरिकेतले पोलाद कामगार नेमके त्या आठवड्यात संपावर होते आणि निक्सनने ते स्वतःच बोलून दाखवलं.) ख्रुश्चेव्हचं उत्तर: तुमची घरं 20 वर्षं टिकतात, बांधकामदाराला पुन्हा विकता यावीत म्हणून, आम्ही नातवंडांसाठी बांधतो, आणि आमच्याकडे घर मिळवायला सोव्हिएत देशात जन्म घेतला की पुरे.

यातली मेख अशी की ख्रुश्चेव्ह तेव्हा स्वतःच कधी नव्हे एवढी घाईची घरं बांधत होता. 31 जुलै 1957 चा ठराव, त्यानंतर मोठ्या संख्येने उभ्या राहिलेल्या पाच मजली इमारती. पाचच का, तर त्याच्या वर उद्वाहन लावावं लागतं. लागुतेन्को या अभियंत्याच्या के-7 मालिकेत काँक्रीटचे तक्ते खरोखरच कारखान्यात ओतून आणत आणि जागेवर क्रेनने उभे करत. छत अडीच मीटरवर, स्वयंपाकघर 5-6 चौरस मीटर, संडास-न्हाणी एकत्र. तुमच्या एजंटचं "कारखान्यात बनलेलं घर" हे वर्णन लाँग आयलंडपेक्षा मॉस्कोला जास्त लागू पडतं. आणि टिकण्याचंच म्हणाल तर मॉस्कोने के-7 इमारती पाडायच्या यादीत घातल्या. लेव्हिटची घरं अजून विकली जाताहेत, त्यातलं एक तुम्हीच बघताय.

पोटमाळा

अमेरिकेत खरोखर कारखान्यातून निघालेलं घर बघायचं तर ल्युस्ट्रॉन. ओहायोतल्या कोलंबसला विमानांच्या जुन्या कारखान्यात, 1948 ते 1950. सगळं पोलादाचं, बाहेरून-आतून दोन फुटी चौकोनी मीनाकाम केलेले पत्रे. तसबीर चुंबकाने लावायची, रंग कधीच द्यायचा नाही. सुमारे 2500 घरं झाली आणि कंपनी बुडाली, सरकारचे 3 कोटी 75 लाख डॉलर घेऊन.

का बुडाली हे लेव्हिटशी ताडून बघण्यासारखं आहे. एका घराचे 3000 च्या वर सुटे भाग, सगळे एकाच ट्रकवर आणि उतरवायच्या क्रमाने रचलेले. एक भाग चुकला तर जागेवर करवतीने दुरुस्ती होत नाही, पत्रा पुन्हा कोलंबसहूनच यायचा. पण खरी गोची पैशाची. कारखान्याला घर बाहेर पडताना पूर्ण रक्कम हवी, आणि बँक पैसे सोडणार टप्प्याटप्प्याने: पाया झाला, छप्पर झालं, असं. इथे पाया होतो त्याच दिवशी उरलेलं अख्खं घर दारात. मधल्या काळाचे पैसे विक्रेत्याने उभे करायचे, आणि गावोगावच्या विक्रेत्यांकडे ते नव्हते. शिवाय गावागणिक बांधकामाचे नियम वेगळे. लेव्हिटने एकाच गावाचा नियम एकदाच बदलून घेतला.

घर म्हणूनही खोड होती. उष्णता छतातून यायची, म्हणजे डोकं गरम, पाय गार. स्वयंपाकघरात एकच यंत्र कपडेही धुणार आणि भांडीही, आतलं टोपलं बदलून. मॅकार्थीचं नाव आलंच आहे तर, याच कंपनीने त्याला घरबांधणीवरच्या एका पुस्तिकेतल्या लेखासाठी 10,000 डॉलर दिले होते.

तळघरावरून एक अवांतर. 17 मार्च 1953 ला नेवाडात अणुचाचणी केली तेव्हा बॉम्ब ठेवलेल्या मनोऱ्यापासून 3,500 आणि 7,500 फुटांवर दोन लाकडी घरं मुद्दाम बांधली होती, फर्निचर आणि पुतळ्यांसकट. जवळचं घर काही सेकंदांत भुईसपाट. लांबचं उभं राहिलं, खिडक्या-दारं गेली. निष्कर्ष काढला तो तळघरात आडोसा करा. लेव्हिटटाउनमधल्या माणसाने तळघर आणायचं कुठून, हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्याच वर्षीच्या आणखी एका चाचणीवरून रंग-व्यापाऱ्यांच्या संघटनेशी जोडलेल्या एका मंडळाने प्रचार केला की घर पांढरं रंगवलेलं आणि अंगण झाडलेलं असेल तर अणुबॉम्बच्या उष्णतेत ते पेट घ्यायची शक्यता कमी. धंदा करावा तर असा!

ओलावा

घर घेणाऱ्याच्या कामाचं लिहितो.

1. *जमिनीतल्या नळ्या.* चालू आहेत म्हणजे चांगल्या आहेत असं नाही. बॉयलर थंड असताना दाब साधारण 12 पीएसआय (दर चौरस इंचाला 12 पौंड) असतो. विक्रेत्याच्या परवानगीने पाणी भरणारी झडप बंद करा, दाब टिपा, रात्रभर ठेवा. सकाळी दाब उतरलेला असेल तर पाणी कुठेतरी जातंय. बहुतेक घरांत ही झडप आपोआप पाणी भरत राहते, त्यामुळे गळती वर्षानुवर्षं कळत नाही. वर ताजं पाणी येत राहिलं की त्यातल्या प्राणवायूने बॉयलर आतून गंजतो.

दाब उतरला तर नळ्यांची मंडळं (बॉयलरपासून निघून परत येणारे फेरे) एकेक करून वेगळी करायची, त्यात हवा भरायची आणि कोणतं मंडळ धरत नाही ते बघायचं. नेमकी जागा इन्फ्रारेड कॅमेऱ्याने. जमीन थंड असताना गरम पाणी सोडा, नळ्या पट्ट्यांसारख्या दिसतात आणि गळतीच्या जागी उबेचा डाग पसरतो. हा कॅमेरा दुरुस्तीला लागतोच, पण मी म्हणेन सौद्याआधीच आणवा. एका चित्रात अख्ख्या जमिनीचं आरोग्य कळतं.

गळतं कुठे? जिथे कोबा तडकलाय किंवा भराव बसलाय आणि नळी ती भेग ओलांडते तिथे; जिथे कोब्यात किंवा खाली कोळशाची राख आली तिथे, कारण राखेतलं गंधक तांबं खातं; आणि जिथे कुणी नंतर खिळा मारला तिथे. तिसरं कारण वाटतं त्यापेक्षा जास्त सापडतं. आधीच्या मालकाने भिंत हलवली असेल तर तिच्या खालची पट्टी कोब्याला कशाने धरली आहे ते विचारा.

एक गळती फोडून, चांदीच्या डाखाने जोडून निघते. साधं कथलाचं डाख कोब्यात गाडू नका. दुसरी-तिसरी गळती निघाली की मात्र दुरुस्तीच्या नादी न लागता ते मंडळ सोडून द्यायचं आणि भिंतीलगत बेसबोर्ड, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसणारा गरम पाण्याचा हीटर, घालायचा. खूप घरांनी तेच केलंय.

2. *फरशी.* कार्पेटच्या किंवा नव्या लाकडाच्या खाली 9 बाय 9 इंची जुनी फरशी असेल तर ती आणि खालचा काळा डिंक, दोन्हींत ॲस्बेस्टॉस आहे असं धरून चाला. अखंड असेल तर हात लावू नका, वरून झाका. घासणं, यंत्राने खरवडणं अजिबात नाही. उचलायचीच असेल तर आधी नमुना प्रयोगशाळेत. बाहेरचे जुने सिमेंटचे तक्तेही याच जातीतले, आणि 1978 आधीचा रंग म्हणजे शिसं.

3. *तेलाची टाकी.* अनेक घरांत ती आवारात पुरलेली आहे. सध्या वापरात आहे, रिकामी करून भरली, की नुसतीच सोडून दिली, याचा कागद मागा. गळकी निघाली तर माती उपसण्याचा खर्च मालकाचा आणि साधा घरविमा तो सहसा देत नाही.

4. *शोषखड्डा.* ही वसाहत सुरुवातीला शोषखड्ड्यांवर होती, सार्वजनिक गटार नंतर आलं. जुना खड्डा वाळूने भरला की नुसतं झाकण टाकून विसरले, हे शोधा. वरचं झाकण कुजून माणूस आत जाण्याचे अपघात लाँग आयलंडवर झालेले आहेत. आवारात हिरवळीचा गोल खोलगट भाग दिसला तर त्यावर उभं राहून चर्चा करू नका.

5. *वाढीव खोली.* तिचे मंजूर नकाशे आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला हेम्पस्टेड टाउनकडे असायला हवा. तो नसेल तर नियमित करून घेण्याची जबाबदारी सौद्यापूर्वी विक्रेत्याची, हे करारात लिहून घ्या.

कोरी पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. ओलावा, एक शंका. वाढीव खोलीत बेसबोर्ड आहे आणि तो त्याच बॉयलरवर जोडलाय. एजंट म्हणतो सोपं झालं. शिवाय मालक रात्री थर्मोस्टॅट 10 अंश फॅरनहाइटने खाली करतो आणि सकाळी "घर तापतच नाही" म्हणून मूळ भागात दोन विजेचे हीटर ठेवलेत. हे गळतीचं लक्षण का?

ओलावा

हीटर गळतीमुळेच असतील असं नाही, पण जोडणी नीट बघायला हवी.

बेसबोर्डला 180 फॅरनहाइटच्या आसपास पाणी लागतं. कोब्यातल्या नळ्यांना 120 च्या आतबाहेर पुरतं. एकाच बॉयलरवर दोन्ही असतील तर कोब्याकडे जाणाऱ्या फाट्यावर मिश्रण-झडप हवी, परतीचं थंड पाणी मिसळून तापमान उतरवणारी. ती नसेल तर दोनपैकी एक होतं. बॉयलर 180 वर ठेवला असेल तर कोबा भाजतो, नळ्या ताणतात, फरशीचा डिंक सुटतो. किंवा कोबा वाचवायला बॉयलर 130 वर आणला असेल आणि मग वाढीव खोली थंड. बॉयलरपाशी उभं राहून दोन फाट्यांच्या नळ्यांवर तापमापक धरा, पाच मिनिटांत कळेल.

थर्मोस्टॅटचं मात्र मालक चुकतोय. एवढा कोबा गार झाला की पुन्हा तापायला कित्येक तास जातात. रात्री 10 अंश उतरवून सकाळी चढवलं तर ऊब दुपारी येते, तोवर हीटर चालवायचे आणि दुपारी खिडक्या उघडायच्या. या व्यवस्थेत तापमान दिवसरात्र एकच ठेवायचं, फार तर 2-3 अंशांचा फरक. आणि जमिनीवर काय अंथरलंय ते बघा. जाड कार्पेट आणि खाली फोम असेल तर उष्णता वर येतच नाही.

गवंडीकाम

कार्पेट उचलून बघायला विक्रेता नाही म्हणाला तर कपाटाच्या आतला कोपरा बघा, तिथे सहसा मूळ फरशी तशीच असते. आणि पुढेमागे वर मजला चढवायचा विचार असेल तर कोब्याच्या कडेचा पाया किती खोल आणि रुंद आहे हे एका ठिकाणी खणून अभियंत्याला दाखवा. मूळ नकाशावर विसंबू नका. वाढीव खोलीचा पाया वेगळ्या माणसाने, वेगळ्या काळात घातलाय. दोन्ही जिथे भेटतात तिथे भिंतीत उभी भेग असेल तर तिची रुंदी खाली आणि वर मोजा. वर जास्त रुंद असेल तर नवा भाग बाहेरच्या बाजूला कलतोय.